शहराच्या आधी आलेला मॉल

कोलोरॅडोतलं लेकवूड हे डेन्व्हरला खेटून वसलेलं शहर. गंमत अशी की इथे मॉल आधी आला आणि शहर मागून! 'व्हिला इटालिया' हा बंदिस्त मॉल १९६६ मध्ये सुरू झाला. लेकवूड अधिकृतपणे शहर झालं ते १९६९ मध्ये.

त्यामुळे जुनी बाजारपेठ अशी नव्हतीच. खरेदी, भेटीगाठी, पोरांचं उंडारणं, सगळं त्या एका छपराखाली. पुढे आसपास नवे मॉल आले, गर्दी तिकडे वळली आणि २००१ मध्ये व्हिला इटालियाला टाळं लागलं.

त्या जागी २००४ पासून 'बेलमार' खुलं होऊ लागलं: सुमारे १०४ एकर, २२ ब्लॉक, मधून खरेखुरे रस्ते. खाली दुकानं, वर घरं आणि ऑफिसं. गाड्या पार्किंगच्या इमारतींत, त्यांच्या छतांवर सोलर पॅनल. हिवाळ्यात चौकात चक्क आइस स्केटिंग! वरची घरं नसती, तर हा नुसता छप्पर काढलेला मॉल ठरला असता.

नाव मात्र जुनंच. 'डेन्व्हर पोस्ट'च्या एका मालकाची मुलगी मे बॉनफिल्स हिची इथे हवेली होती, त्या हवेलीचं नाव बेलमार.