अनवाणी हिरो आणि राहून गेलेलं सॉरी: 'डाय हार्ड' पहिल्यांदा पाहताना

आजचा एपिसोड म्हणजे थोडा कबुलीजबाब आहे. मी इतकी वर्षं 'डाय हार्ड' पाहिलाच नव्हता. मीम्स पाहिले होते, "हा ख्रिसमसचा सिनेमा आहे की नाही" यावरची दरवर्षीची भांडणं वाचली होती, पण सिनेमा नाही. या नाताळच्या सुट्टीत ताईकडे गेलो होतो, दाजींनी टीव्हीवर लावला, आणि एकदाचा पाहिला. पुढे स्पॉयलर्स आहेत बरं का. सिनेमा १९८८ चा आहे, त्यामुळे तेवढं चालवून घ्या.

गोष्ट अगदी साधी आहे. जॉन मॅक्लेन हा न्यूयॉर्कचा पोलीस. बायको होली नोकरीसाठी मुलांना घेऊन लॉस एंजेलिसला गेलीय. हा तिला भेटायला नाताळच्या आदल्या दिवशी विमानाने येतो. तिच्या ऑफिसची पार्टी ३० व्या मजल्यावर सुरू असते, आणि हान्स ग्रूबर नावाचा माणूस टोळी घेऊन बिल्डिंगचा ताबा घेतो.

आता तो वाद. सिनेमा रिलीज झाला जुलैमध्ये. खुद्द ब्रूस विलिस २०१८ मध्ये एका कार्यक्रमात गमतीत म्हणाला होता की हा ख्रिसमसचा सिनेमा नाहीच. पण नीट बघा, यातून नाताळ काढला तर गोष्टच उभी राहत नाही. सण आहे म्हणून जॉन आलाय. सण आहे म्हणून बाकीची बिल्डिंग रिकामी आहे आणि सगळे ओलीस एकाच मजल्यावर सापडतात. तिजोरीला सात कुलुपं. शेवटचं इलेक्ट्रोमॅग्नेटिक, म्हणजे वीज आहे तोवर उघडणारच नाही. हान्स आपल्या माणसाला सांगतो, नाताळ आहे, चमत्कार होईल. आणि तो होतो! दहशतवाद्यांना कोंडीत पकडायचं म्हणून एफबीआयच वीज तोडते, आणि कुलूप उघडतं. मागे बेथोव्हेनची आनंदाची धून वाजते. व्हिलनला नाताळची भेट मिळाली, तीही सरकारकडून.

दुसरी गोष्ट म्हणजे पाय. त्या काळातले ॲक्शन हिरो म्हणजे श्वार्झनेगर आणि स्टॅलोन, नुसते स्नायूंचे डोंगर. विलिस तर टीव्हीवरच्या विनोदी मालिकेतला चेहरा. सुरुवातीलाच विमानातला सहप्रवासी जॉनला सल्ला देतो की प्रवासाचा शीण घालवायला बूट-मोजे काढून कार्पेटवर चाल. हा तसं करतो, आणि नेमका तेव्हाच गोळीबार सुरू होतो. पुढचा सगळा सिनेमा हिरो अनवाणी. हान्सच्या ते लक्षात येतं आणि तो काचा फोडायला लावतो. काचांवरून पळतानाचा तो सीन बघताना मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलो होतो. हिरोला लागतं, दुखतं, तो घाबरतो. म्हणून आपल्यालाही भीती वाटते.

आणि इथेच सिनेमा मला खरा भेटला. बाथरूममध्ये बसून तो पायातल्या काचा काढतोय. वॉकीटॉकीवर खाली उभा असलेला पोलीस, पॉवेल. आपण मरणार असं वाटून जॉन त्याला सांगतो, माझ्या बायकोला निरोप दे. तिची प्रगती होत होती तेव्हा मी पाठीशी उभं राहायला हवं होतं. "आय लव्ह यू" हजारदा म्हटलं, सॉरी एकदाही नाही.

खोलीत एकदम शांतता. कारण सिनेमाच्या सुरुवातीला एक सीन आहे. लॉबीतल्या स्क्रीनवर जॉन 'मॅक्लेन' शोधतो, नाव सापडत नाही. होलीने माहेरचं 'जेनारो' लावलंय. त्यावरून दोघांचं भांडण होतं. ताई तेव्हाच माझ्याकडे बघून हसली होती.

तिच्या लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा तिने नको म्हटलं होतं. दाजींना काहीच अडचण नव्हती. अडचण आम्हालाच! "एक नाव तर आहे, लिहू दे ना, लोक बघतायत," असं सगळ्यात मोठ्याने कोण म्हणालं? मी.

शेवट ताईला पटला नाही. हान्स खिडकीबाहेर लटकतो तो होलीच्या मनगटावरच्या, कंपनीने दिलेल्या घड्याळाला धरून. जॉन घड्याळाचा पट्टा सोडवतो, हान्स पडतो, होली वाचते. पुढे जॉन तिची ओळख 'होली जेनारो' अशी करून देतो. म्हणजे तो बदललाय! पण तीच दुरुस्ती करते, 'होली मॅक्लेन'. ताई म्हणाली, "बघ, कामाचं घड्याळ गेलं, नावही गेलं. सॉरी म्हणणाऱ्याला सगळं परत मिळालं."

पटलं मला. सिनेमा थरारक आहे, ॲलन रिकमनचा हान्स तर पहिल्याच चित्रपटात कमाल. पण माफी मागायची म्हणजे समोरच्याने काहीतरी सोडून द्यावं, असं थोडंच असतं?

चहा करताना मी ताईला म्हटलं, "त्या दिवसाचं सॉरी." ती म्हणाली, "तीन वर्षं लागली तुला. आलं किस."

तर मंडळी, नाताळ असो वा नसो, 'डाय हार्ड' बघा, आणि कुणाचं सॉरी राहिलं असेल तर काचा पायात घुसायची वाट बघू नका. तुमच्या मते हा ख्रिसमसचा सिनेमा आहे का? नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!