गवताच्या उंचीवर जगणारं फुलपाखरू

कोलार्ड हिलवर लार्ज ब्लू हे फुलपाखरू बघायला येणारी जाणती माणसं हवेत बघत नाहीत, पायाशी बघतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सॉमरसेटमध्ये स्ट्रीट नावाचं गाव आहे, क्लार्क्सच्या बुटांचं गाव. त्याच्या दक्षिणेला पोल्डन टेकड्यांची रांग लागते आणि तिच्या उन्हाकडे तोंड केलेल्या उतारावर नॅशनल ट्रस्टचं हे गवताळ रान आहे. जूनमध्ये इथे कॅमेरे आणि दुर्बिणी गळ्यात अडकवलेली माणसं वाकून वाकून चालताना दिसतात. त्यांना हवे असतात जांभळट-गुलाबी फुलांचे ताटवे. तुळशीच्या कुळातली थाइम इथे जमिनीसरपट वाढते. थाइम नाही तर लार्ज ब्लू नाही. पण नुसत्या थाइमवर भागत नाही, आणि हे कळेपर्यंत इंग्लंडच्या हातून हे फुलपाखरू गेलेलं होतं.

या देशात फुलपाखरं बघायची म्हणजे सगळी मदार उन्हावर. ऊन नसलं तर ती उडत नाहीत, आणि ऊन कडक झालं की बसलेलं लार्ज ब्लू पंख मिटून घेतं आणि वरचा निळा रंग दाखवत नाही. म्हणून अनुभवी माणूस उन्हाच्या दिवशी ढगाची वाट बघतो. सूर्यावरून पातळसा ढग सरकला की फुलपाखरू ऊब घ्यायला पंख हळूहळू उघडतं. तेवढ्यात पुढच्या पंखांवरचे लांबट काळे ठिपके बघून घ्यायचे. याच उतारावर कॉमन ब्लूही असतं, पण त्याच्या पंखांवर वरच्या बाजूने हे ठिपके नसतात. मिटलेल्या पंखांची बाजू करडी, काळ्या ठिपक्यांची, अंगाजवळ निळसर-हिरवी झाक असलेली. फोटो काढणारे तिच्यावर नाराज असतात. मला मात्र तीच बाजू जास्त देखणी वाटते.

मन लावून बघावं ते मादीचं काम. ती ताटव्यावरून अगदी खालून उडत येते, उतरते आणि कळ्यांच्या गुच्छावर पायांनी चाचपत फिरते. फुलं उमललेली असली तर तिथे थांबत नाही, तिला मिटलेल्या कळ्या हव्या असतात. मनाजोगता गुच्छ मिळाला की पोटाचं टोक वाकवून ती कळ्यांच्या फटीत घालते, क्षणभर स्थिर होते आणि निघून जाते. ती गेल्यावर, थाइमवर गुडघा न टेकता, भिंगातून पाहिलं तर फटीत मोहरीच्या दाण्याहून लहान, पांढुरकं, चपटं अंडं दिसतं. त्याच गुच्छावर दुसरी मादीही अंडं घालून जाऊ शकते. मग एक अळी दुसरीला खाऊन टाकते. या फुलपाखराला आयुष्य थोड्या दिवसांचं, त्यामुळे एका मादीला जास्त वेळ बघायला मिळालं तर तो दिवस सार्थकी लागला असं मी समजते.

यापुढची गोष्ट डोळ्यांना सहज दिसत नाही. अळी दोन-तीन आठवडे थाइमच्या फुलांवर जगते. तोवर तिचं वजन अगदी नगण्य असतं. मग एका संध्याकाळी, मुंग्या अन्नाच्या शोधात बाहेर पडायच्या सुमाराला, ती जमिनीवर पडते. मिर्मिका सब्युलेटी जातीची तांबडी मुंगी तिच्यापाशी येते, अळीच्या पाठीवरच्या ग्रंथीतून पाझरणारा गोड रस चाटते. अळी अंग ताणून फुगवते, मुंगीला ते आपल्याच वसाहतीतलं हरवलेलं पिल्लू वाटतं आणि ती तिला उचलून वारुळात नेते. आत गेल्यावर ही पाहुणी मुंग्यांचीच पिल्लं खाते. हिवाळा तिथेच काढते, कोशही तिथेच करते. तिच्या एकूण वजनातलं 98 टक्क्यांहून जास्त वारुळातल्या या जेवणातून येतं. पुढच्या जूनमध्ये फुलपाखरू चुरगळलेल्या पंखांनी वारुळातून सरपटत बाहेर येतं, गवताच्या काडीवर चढतं आणि पंख फुलवतं. मुंग्यांच्या संगतीने वाढणाऱ्या अळ्या आपल्याकडेही आहेत. आंब्याची पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या याच नील कुळातल्या काही अळ्यांची राखण करतात. पण तो बहुतेक देवाणघेवाणीचा मामला. इथे मुंगीच्या पदरात पडतो तो एक घोट रस.

सब्युलेटीच हवी, दुसऱ्या जातीच्या मुंगीच्या वारुळात ही अळी बहुधा जगत नाही, हे अभ्यासक जेरेमी थॉमस यांनी दाखवून दिलं. 1972 पासून ते नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूर या माळरानाच्या कडेला उरलेल्या शेवटच्या वसाहतीचा अभ्यास करत होते. तोवर सगळा दोष जाळी घेऊन फिरणाऱ्या संग्राहकांच्या माथी मारला जायचा. त्यांना अडवायला 1930च्या सुमारास एका जागेला कुंपणही घातलं होतं. कुंपणाने संग्राहक अडले आणि चरणारी जनावरंही अडली. गवत वाढलं आणि फुलपाखरू तिथून गेलं. सब्युलेटीला उन्हाने तापलेली माती लागते. गवत तीनेक सेंटिमीटरच्या वर गेलं की जमिनीवर सावली पडते, माती दोन-तीन अंशांनी थंड होते आणि तिच्या जागी दुसऱ्या जातीच्या मुंग्या शिरतात. 1950च्या दशकात मिक्सोमॅटोसिस या रोगाच्या साथीत ससे मेले आणि उतारावरची चराई परवडेनाशी झाली, तेव्हा हेच ठिकठिकाणी घडलं. थाइम होती, फुलत होती, पण खाली मुंगी बदलली होती. उत्तर हाती आलं तेव्हा उशीर झाला होता. 1975-76च्या दुष्काळाने उरलीसुरली वसाहत खचली आणि 1979 मध्ये लार्ज ब्लू ब्रिटनमधून नाहीसं झालं.

हे वाचताना मराठी माणसाला कास पठार आठवल्याशिवाय राहणार नाही. तिथेही गर्दीपासून फुलं वाचवायला तारेचं कुंपण घातलं, चराई थांबली, पुढे फुलं कमी होत असल्याची ओरड झाली आणि कुंपण काढावं लागलं. साताऱ्याचा सडा आणि सॉमरसेटचा उतार यांची माती, पाऊस, गवत सगळं वेगळं, एकाचा उपाय दुसऱ्याला लावता येणार नाही. पण गुराखी हा त्या जागेचा भाग आहे की तिचा शत्रू, हा प्रश्न कुंपण घालण्याआधीच विचारायला हवा, असं मला कळकळीने वाटतं.

1983 मध्ये स्वीडनहून अळ्या आणून इंग्लंडमध्ये लार्ज ब्लूची पुन्हा सुरुवात झाली. कोलार्ड हिलवर अळ्या 2000 मध्ये सोडल्या गेल्या. आधी गवत, मग मुंग्या, मग अळ्या, असा क्रम. गुरं कधी सोडायची, कधी काढायची, झुडपं किती तोडायची, हे गवताची उंची मोजून ठरतं. थाइम फुलण्याच्या आत जनावरं हलवावी लागतात, नाहीतर कळ्याच खाल्ल्या जातील, आणि नंतर ती पुन्हा आणावी लागतात. कायद्याचं संरक्षणही आहे. 2017 मध्ये लार्ज ब्लू पकडल्याबद्दल ब्रिस्टलच्या न्यायालयाने एकाला शिक्षा सुनावली. त्याची गरज आहेच, पण कायदा गवत कापत नाही.

ग्लॉस्टरशरमधल्या रॉडबरो कॉमनवर पाच वर्षं अशी तयारी केल्यावर 2019 मध्ये सुमारे 1,100 अळ्या सोडल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात अंदाजे 750 फुलपाखरं उडाली. तिथून लार्ज ब्लू दीडशे वर्षांपूर्वी गेलं होतं. एकच जागा बघायची असेल तर मी तरीही कोलार्ड हिल सांगेन, जूनच्या मध्याला, सकाळी लवकर. पायवाट सोडू नका, आणि फुलपाखरू दिसलं नाही तरी वाटेच्या कडेला बसून गवताच्या बुडाशी तांबड्या मुंग्या दिसतात का ते बघा.