खेळ संपल्यानंतरचा खटला

चित्रपटाविषयी ज्याला काहीच मत नाही असा मनुष्य आपल्याकडे दिवा घेऊन शोधला तरी सापडावयाचा नाही. 1913 साली गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमागृहात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, तेव्हापासून पडद्यावरील गोष्टीचा बरेवाईटपणा ठरविणे ही प्रत्येक तिकीटधारकाची वंशपरंपरागत मिरास होऊन बसली आहे, आणि तिच्या हद्दीत दुसऱ्या कोणी पाऊल टाकले की आपण तत्काळ हमरीतुमरीवर येतो. परंतु मत असणे निराळे आणि ते मत चार जाणत्या माणसांपुढे मांडून त्याची उलटतपासणी होऊ देणे निराळे. ‘आवडला’ किंवा ‘आवडला नाही’ एवढ्यावर ज्यांचे समाधान होत नाही, आवडीमागचे कारण आणि नावडीमागचा आधार हुडकल्यावाचून ज्यांना चैन पडत नाही, अशा मंडळींनी एकत्र जमून जुन्या-नव्या चित्रपटांचा जो कीस काढला त्याला आता शंभर वर्षांचा इतिहास आहे.

लंडनमध्ये 1925 साली निघालेली ‘फिल्म सोसायटी’ ही या प्रकारच्या आरंभीच्या संस्थांपैकी एक. धंदेवाईक चित्रपटगृहे जे लावण्यास धजत नसत, असे परदेशी आणि प्रयोगशील चित्रपट सभासदांपुरते दाखविणे हा तिचा उद्योग होता. फ्रान्समध्ये याच दशकात ‘सिने-क्लब’ निघाले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांना असा काही बहर आला की, चित्रपट संपल्यावर खुर्चीला चिकटून बसून वाद घालणे हा त्या पिढीतील तरुणांचा नित्यक्रम ठरला. आंद्रे बाझँ हा समीक्षक या चळवळीचा एक आधारस्तंभ. 1951 साली निघालेल्या ‘काहिए द्यु सिनेमा’ या मासिकाच्या संस्थापकांत तो होता, आणि त्याच मासिकातून प्रस्थापित दिग्दर्शकांवर जहाल टीका करणारे फ्रान्स्वा त्रुफो आणि झाँ-ल्युक गोदार पुढे दहा वर्षांच्या आत स्वतःच नामांकित दिग्दर्शक झाले. भांडकुदळ प्रेक्षकाला हिणवणाऱ्या चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आपल्या देशात हे बीज कलकत्त्यास रुजले. 1947 साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आणि त्यांच्या स्नेह्यांनी ‘कलकत्ता फिल्म सोसायटी’ स्थापन केली. राय त्या वेळी एका जाहिरात कंपनीत चित्रकार होते आणि ‘पथेर पांचाली’ पडद्यावर येण्यास अद्याप आठ वर्षांचा अवकाश होता. 1952 च्या जानेवारीत मुंबईस भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि तेथे व्हित्तोरिओ दे सिका याचा ‘बायसिकल थीव्हज’ पाहून आपले कित्येक चित्रपटकर्ते अंतर्मुख झाले. लगेच पुढच्या वर्षी आलेल्या बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ या चित्रपटावर त्या इटालियन कृतीची छाया स्पष्ट दिसते. 1959 साली देशातील अशा विखुरलेल्या मंडळांचा एक महासंघ झाला व त्याचे अध्यक्षपद राय यांच्याकडे आले. मुंबईत 1968 साली ‘प्रभात चित्र मंडळ’ निघाले आणि मराठी मध्यमवर्गीय रसिकाला हंगेरी, पोलंड, जपान या दूरदेशींच्या चित्रपटांशी सोयरीक जुळविण्याची संधी मिळाली.

पुण्याची गोष्ट याहून थोडी निराळी. कोल्हापूरहून 1933 साली पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या आवारातच 1960 साली सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था उभी केली, 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या ध्यासवेड्या गृहस्थाने त्या संग्रहालयासाठी देशभर हिंडून, भंगारात जाऊ घातलेली रिळे मिळवून, सूचीबद्ध करून ठेवली. त्याच आवारात प्राध्यापक सतीश बहादूर यांनी चित्रपटाच्या रसग्रहणाचे वर्ग चालविले. एखादे दृश्य पुनःपुन्हा दाखवावे, कॅमेरा कोठे होता, कोणता आवाज ऐकू येत होता, तुकडे कोणत्या क्रमाने जोडले होते हे विद्यार्थ्यांकडून वदवून घ्यावे, आणि मगच अर्थाकडे वळावे, ही त्या अध्यापनाची रीत. ज्या वादांचे मी पुढे समर्थन करणार आहे त्यांचे मर्म या रीतीत आहे.

कारण चित्रपटावरची चर्चा ही बव्हंशी एका खटल्यासारखी असते, आणि खटल्याचे जे दोष तेच तिचेही दोष. फिर्याद गुदरणारे पुष्कळ, वकिली करणारे त्याहून अधिक, पण पुरावा दाखल करणारे थोडे. ‘दिग्दर्शकाला स्त्रीचे दुःख कळलेच नाही’ असे एक जण तावातावाने म्हणतो; ‘कोणत्या दृश्यावरून?’ असे विचारले की तो आपल्या आत्याची हकीकत सांगू लागतो. आत्याची हकीकत कितीही हृदयद्रावक असली तरी ती या प्रकरणात अप्रस्तुत आहे, आणि सभेच्या चालकाने ती तेथेच तहकूब करणे, तेही आत्याचा व भाच्याचा यत्किंचितही उपमर्द न करता, हे मोठे नाजूक काम आहे. याच्या उलट एखादी अबोल सभासद, दीड तास काही न बोलता, अखेरीस एवढेच म्हणते की, ‘त्या प्रसंगात घड्याळाची टिकटिक थांबली होती, कोणाच्या लक्षात आले का?’ आणि साऱ्या सभेचा नूर पालटतो. त्या टिकटिकीला पक्ष नसतो आणि ती पडद्यावर सर्वांच्या समक्ष घडलेली असते, म्हणूनच तिच्यावर वाद घालता येतो.

घड्याळाचा उल्लेख मी सहज केलेला नाही. दिग्दर्शक व्ही. शांताराम ऊर्फ शांतारामबापू यांचा ‘कुंकू’ हा 1937 सालचा चित्रपट अशा चर्चेसाठी आजही अव्वल दर्जाचा आहे. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या या कथेत नीरा ही तरुण मुलगी काकासाहेब नामक वृद्ध वकिलाच्या गळ्यात फसवून बांधली जाते आणि ते लग्न मान्य करण्याचे साफ नाकारते. शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब ही जोडी ज्याने एकदा पाहिली तो ती विसरत नाही. या चित्रपटात पार्श्वसंगीत वर्ज्य आहे. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे आपल्या कानी येतात, आणि भिंतीवरचे ते जुने घड्याळ काकासाहेबांच्या वयाचे व अगतिकतेचे भान सतत देत राहते. आता वादाचा मुद्दा असा की, शेवटी काकासाहेबांना आपला अपराध उमगतो आणि ते स्वतःचा जीव देऊन नीरेला मोकळी करतात. या शेवटाने नीरेचा विजय होतो, की तिच्या बंडाचे फळ तिला पुन्हा एका पुरुषाच्या औदार्याने मिळते?

हा प्रश्न जमलेल्या मंडळींपुढे टाकला की सभेचे हटकून दोन तट पडतात. एक तट म्हणतो की, ज्या काळी घटस्फोटाची वाट हिंदू स्त्रीला जवळपास बंदच होती त्या काळी दिग्दर्शकाने याहून काय करावे? दुसरा तट म्हणतो की, मग कायद्याची ती बंद वाटच दाखवावयाची होती. मला स्वतःला दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. तथापि पहिल्या मताच्या बाजूने एक भक्कम दाखला आहे, तो असा की, फुटक्या आरशाच्या तुकड्यातुकड्यांतून काकासाहेबांची प्रतिबिंबे त्यांनाच हसतात तेथे दिग्दर्शकाने त्यांची शिक्षा आधीच सुनावलेली आहे, आणि पुढचा आत्मघात ही केवळ तिची अंमलबजावणी आहे.

चित्रपटावर वाद केवळ प्रेक्षकच घालतात असेही नाही. कधी कधी एक चित्रपटच दुसऱ्याला जबाब देतो. प्रमथेश बरुआ यांचा ‘देवदास’ 1935 साली आला आणि प्रेमभंगाने मद्याच्या आहारी जाऊन मरणाऱ्या नायकाने देशभरातील तरुणांची मने काबीज केली. ही आत्मनाशाची पूजा शांतारामबापूंना रुचली नाही, आणि 1939 चा ‘माणूस’ हा त्यांनी दिलेला प्रतिवाद होता. गणपत हा साधा पोलिस शिपाई आणि मैना ही वेश्यावस्तीतली स्त्री यांच्या प्रेमाची ती कथा प्रेमाच्या साफल्याकडे जात नाही, पण नायकाला मरणाच्या उंबरठ्यावरून परतवून कर्तव्याकडे आणते. शिवाय त्या काळच्या बोलपटांतील बागेतल्या गोडगोड प्रेमप्रसंगांची तिच्यात जी खुमासदार टवाळी आहे, ती आजही खदखदून हसविते. ‘देवदास’ आणि ‘माणूस’ लागोपाठच्या दोन रविवारी पाहावेत आणि तिसरा रविवार भांडणासाठी मोकळा ठेवावा.

‘कुंकू’नंतर पंचेचाळीस वर्षांनी, 1982 साली, जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ आला. शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि स्मिता पाटील यांची सुलभा महाजन. सुखवस्तू घरातली ही सुशिक्षित स्त्री स्त्रियांच्या सुधारगृहाची अधीक्षक म्हणून घर सोडून जाते, तेथल्या भ्रष्ट व्यवस्थेशी झगडून परतते, आणि परतल्यावर तिला कळते की नवऱ्याच्या आयुष्यात मध्यंतरी दुसरी स्त्री आली आहे. ती पुन्हा घराबाहेर पडते. येथे शेवटी कोणी मरत नाही, कोणाचे हृदयपरिवर्तन होत नाही, आणि आगगाडीत बसलेल्या सुलभेच्या चेहऱ्यावर जे दिसते त्याला समाधान म्हणावे की एकाकीपण, यावर मी प्रौढ, समंजस माणसांना आवाज चढवून भांडताना ऐकले आहे. सासर सोडून जाणारी सुलभा मुलीलाही मागे ठेवते, ही गोष्ट पुष्कळांना तेव्हा पचली नाही आणि आजही पचत नाही. नीरेच्या बाबतीत सहानुभूतीने ओसंडणारे गृहस्थ सुलभेच्या बाबतीत एकाएकी कठोर न्यायाधीश का होतात, हा प्रश्न अशा वेळी चालकाने हळूच विचारावा. उत्तराचा आग्रह धरू नये.

तिसरे प्रकरण अलीकडचे. नागराज मंजुळे यांच्या 2016 च्या ‘सैराट’ने उभ्या महाराष्ट्राला नाचविले आणि अखेरीस सुन्न केले. आर्ची आणि परश्या यांचा संसार शहरात मार्गी लागला आहे असे वाटत असतानाच तिच्या माहेरची माणसे दारी येतात. त्या दोघांची हत्या आपल्याला दाखविली जात नाही; आवाज लुप्त होतो, आणि शेजारणीबरोबर बाहेर गेलेले लहान मूल परतून रक्तात उमटलेल्या पावलांनी चालू लागते. कित्येकांनी तक्रार केली की, इतका वेळ गाण्याबजावण्यात रमवून शेवटी असा घाव घालणे ही प्रेक्षकाशी केलेली दगलबाजी आहे. ही तक्रार मला वजनदार वाटते, परंतु तिचा निकाल मी तक्रारदाराच्या विरुद्ध देईन. पूर्वार्धातील तो शेतमळा, ती विहीर, तो मंद केलेल्या गतीतला प्रणय हे सारे आपल्या चित्रपटांनी आपल्याला शिकविलेले प्रेमाचे रूप आहे, आणि दिग्दर्शकाने ते बुद्धिपुरस्सर वापरले आहे. उत्तरार्धात रंग, संगीत आणि गती ही तिन्ही एकेक करून काढून घेतली जातात. घाव आकस्मिक भासला तरी त्याची तयारी चालू होती. शिवाय 2018 साली हिंदीत आलेल्या ‘धडक’ या रूपांतरात शेवट बदलून नायिकेला जिवंत ठेवले आहे, तेव्हा या वादाला दोन्ही शेवट शेजारीशेजारी ठेवून तपासण्याची आयती सोय झाली आहे. मंजुळे यांच्याच 2013 च्या ‘फँड्री’त नायक जब्या शेवटी थेट आपल्या दिशेने दगड भिरकावतो; ज्यांना ‘सैराट’चा शेवट अकारण क्रूर वाटतो त्यांनी तो दगड कोणाला लागला, याचा आधी खुलासा करावा.

जुने आणि नवे असे शेजारी बसविले की आणखी एक गोष्ट घडते. जुन्या चित्रपटाकडे आपण सामान्यतः दोनच दृष्टींनी पाहतो, एक तर भक्तीने, नाही तर कनवाळूपणे. म्हणजे ‘आता तसले चित्रपट होणे नाही’ असा सुस्कारा टाकतो, किंवा ‘त्या काळाच्या मानाने बरे होते हो’ अशी पाठ थोपटतो. दोन्हींत चित्रपटाचा अपमान आहे. ‘संत तुकाराम’ 1936 साली दामले आणि फत्तेलाल यांनी केला व पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो वाखाणला गेला, ही माहिती प्रत्येकाच्या जिभेवर असते. पण वैकुंठास निघालेल्या तुकोबांच्या मागे त्यांची पत्नी जिजाई पोराबाळांसह इहलोकीच राहते, यात दिग्दर्शकांनी पारडे कोणाच्या बाजूने झुकविले आहे, हा वाद क्वचित ऐकू येतो. विष्णुपंत पागनीस यांच्या तुकोबांइतकीच गौरी यांची ती तोंडाळ, कष्टाळू, भुकेल्या मुलांच्या काळजीने धुमसणारी जिजाई ज्याच्या मनात घर करते, त्याला हा चित्रपट निव्वळ भक्तिपट म्हणून निकालात काढता येत नाही.

पूर्वी अशी चर्चा जुळविणे मोठे यातायातीचे काम होते. परदेशी वकिलातींना अर्ज करावे, रिळांचे डबे रेल्वेने मागवावे, भाड्याच्या सभागृहात प्रक्षेपक मध्येच रुसला तर सभासदांची मनधरणी करावी, हे सारे मंडळांच्या चिटणीसांनी बिनपगारी केले. आता यातले बहुतेक चित्रपट घरबसल्या मिळतात, पण जो तो ते एकटाच, आपापल्या पडद्यावर, मध्येच थांबवून पाहतो. तेव्हा शेजारपाजारची आठदहा माणसे, एक बरासा मोठा पडदा आणि टिपण घेणारा एखादा चौकस सभासद एवढ्यावरही मंडळ उभे राहू शकते. अडचण एकच, ती वेळेची. ‘सैराट’ जवळजवळ तीन तास चालतो. तो संध्याकाळी सातला लावला तर दहा वाजता, ऐन वाद पेटावयाच्या सुमारास, निम्म्या सभासदांना शेवटची बस दिसू लागते आणि मैदान बोलघेवड्यांच्या हाती उरते. म्हणून कार्यक्रम आखताना चर्चेचा तास आधी वेगळा काढावा, उरलेल्या वेळात बसेल तोच चित्रपट निवडावा आणि लांबलचक चित्रपट रविवारी सकाळी, जेवणाच्या बऱ्याच आधी लावावा.