गुन्हेगारीशास्त्राचे अध्यापन : भिलाईतील एक खटला, तीन निकाल आणि विद्यार्थ्यांना हवा असलेला आधार

भिलाई (छत्तीसगड) : गुन्हा का घडतो, तो सिद्ध कसा होतो आणि शिक्षा भोगलेल्या माणसाचे पुढे काय होते, या प्रश्नांचा अभ्यास म्हणजे गुन्हेगारीशास्त्र. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाल्यानंतर या विषयाचे महत्त्व वाढले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) नुसार सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी भेट देणे आवश्यक आहे. ही तरतूद लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत असून, त्यासाठीचे मनुष्यबळ विद्यापीठांतूनच घडणार आहे.

सागरपासूनची परंपरा

मध्य भारताला या विषयाची जुनी परंपरा आहे. सागर विद्यापीठात 1959 मध्ये गुन्हेगारीशास्त्र व न्यायवैद्यक विज्ञान विभाग सुरू झाला. त्याच वर्षी भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि देशभरातून कामगार येथे आले. वेगाने वाढणारे औद्योगिक नगर, स्थलांतरित कुटुंबे, कारखान्याची नियोजित वसाहत आणि तिच्याभोवतीच्या वस्त्या यांमुळे गुन्हेगारीच्या सामाजिक कारणांचा अभ्यास करण्यास भिलाई हे उत्तम क्षेत्र ठरते.

एक खटला, तीन निकाल

कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांची 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे भिलाईतील निवासस्थानी झोपेत गोळ्या झाडून हत्या झाली. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. दुर्ग येथील सत्र न्यायालयाने 1997 मध्ये सहा जणांना दोषी ठरवून एकाला फाशी व इतरांना जन्मठेप सुनावली. 1998 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने सर्वांची मुक्तता केली. 20 जानेवारी 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष गोळी झाडल्याचा आरोप असलेल्यास जन्मठेप दिली. इतरांवरील कटाचा आरोप सिद्ध न झाल्याने त्यांची मुक्तता कायम राहिली.

पुरावा एकच असताना निष्कर्ष वेगळे का निघाले, हा प्रश्न वर्गाला विचारप्रवृत्त करणारा आहे. विद्यार्थ्यांचे तीन गट करून प्रत्येकाकडे एक निकालपत्र सोपवता येते. नियोगींची डायरी, त्यांच्या आवाजातील ध्वनिफीत, जप्त कागदपत्रे व साक्षी यांना कोणत्या न्यायालयाने किती वजन दिले, याचा तक्ता प्रत्येक गटाने तयार करावा. संशय आणि पुरावा यांतील अंतर अशा अभ्यासातून जितके स्पष्ट होते, तितके केवळ व्याख्या पाठ करून होत नाही.

वर्गातील जखम

येथेच अध्यापकाची खरी कसोटी लागते. याच वर्गात एखाद्या आंदोलक कामगाराची नात असू शकते, एखाद्या कारखानदाराचा मुलगा असू शकतो आणि पोलीस कर्मचाऱ्याची मुलगीही. घरगुती हिंसा वा लैंगिक अत्याचार हे विषय शिकवताना ऐकणाऱ्यांत कोणी स्वतः पीडित असण्याची शक्यता गृहीतच धरावी लागते. घरातील कोणी तुरुंगात असलेला विद्यार्थीही मान खाली घालून बसलेला असू शकतो.

त्यामुळे आधार देण्याची व्यवस्था अभ्यासक्रमातच असणे आवश्यक ठरते. विषयाची पूर्वसूचना आधीच्या तासाला द्यावी. स्वतःचा अनुभव सांगण्याची सक्ती कोणावरही नसावी. क्लेशदायक प्रकरणाऐवजी दुसरे प्रकरण निवडण्याची मुभा, गुण कमी न करता, मिळावी. कारागृह किंवा बाल न्याय मंडळाच्या भेटीनंतर चर्चेसाठी स्वतंत्र तास ठेवावा. पीडितांची ओळख उघड न करण्याचे कायदेशीर बंधन विद्यार्थ्यांच्या टिपणांतही पाळले जावे.

अध्यापक हा समुपदेशक नसतो. अस्वस्थता ओळखणे आणि योग्य ठिकाणी पोहोचवणे एवढी त्याची जबाबदारी आहे. मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’ची 14416 आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची 15100 ही मदतवाहिनी उपलब्ध आहे. हे क्रमांक पहिल्याच तासाला दिले, तर मदत मागण्यातील संकोच कमी होतो.

भाषेचा अडसरही दुर्लक्षून चालत नाही. निकालपत्रे इंग्रजीत, तर विद्यार्थ्यांचे शिक्षण बहुधा हिंदीत झालेले असते. सर्वोच्च न्यायालयाच्या ‘ई-एससीआर’ संकेतस्थळावर निकाल विनामूल्य वाचता येतात व अनेकांचे भारतीय भाषांतील अनुवादही मिळतात. पारिभाषिक शब्दांची छोटी सूची जोडली, तर मागे बसणारा विद्यार्थीही चर्चेत सहभागी होऊ शकतो. उद्या तपास अधिकारी, परिविक्षा अधिकारी वा न्यायवैद्यक तज्ज्ञ म्हणून काम करताना पीडिताशी आणि आरोपीशी कसे बोलावे, हे तो याच वर्गात शिकत असतो.