टांकसाळीची चूक की नंतरचा मार?

वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखोंना जातं, असा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. २०१२ साली निघालेलं ते साधं स्मारक नाणं आहे. त्यात चूक कसलीच नाही. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आमचा संबंध नाही आणि आमच्या नावाने कमिशन मागण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलं. तरी घरोघरचे गल्ले उपसले जातात आणि त्यातून निघालेलं प्रत्येक वाकडंतिकडं नाणं 'एरर कॉइन' ठरतं.

खरी चूक टांकसाळीतच होते. पत्र्यातून गोल चकत्या कापतात, त्यांची कड उचलतात, मग चकती कॉलर नावाच्या कड्यात बसते आणि वरखालच्या दोन डायच्या दाबाने दोन्ही बाजू एकदमच उमटतात. तिथून बाहेर पडल्यावर नाण्याचं जे काही होईल ते नुकसान. म्हणून विचारायचं एवढंच, की हे यंत्रात घडलं असेल तर कसं? उत्तर सापडत नसेल, तर बहुधा ते यंत्रात घडलेलंच नाही.

साधी रेघ घ्या. डायला तडा गेला की धातू त्या फटीत शिरतो. त्यामुळे नाण्यावरची रेघ उठावदार असते, नखाला लागते. खिळ्याचा ओरखडा उलट आत जातो आणि त्याच्या दोन्ही काठांना सरकलेला धातू साचतो. भिंग घेऊन तिरप्या उजेडात पाहिलं की फरक लगेच कळतो.

कडेचा अर्धगोल तुकडा नसलेल्या नाण्यावर सर्वांत जास्त फसगत होते. पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही, तर पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चकती अर्धवट कापली जाते. पुढे कड उचलणाऱ्या यंत्रात त्या जागी दाबच बसत नाही, त्यामुळे बरोबर समोरची कडही बहुतेकदा बसकी राहते. कानशीने घासणाऱ्याला हे माहीत नसतं. त्याच्या नाण्याची समोरची कड ठणठणीत असते आणि कापाजवळची अक्षरं कचकन तुटलेली दिसतात.

बाजारात ज्याला 'लखी' म्हणतात, त्या नाण्याच्या दुसऱ्या बाजूला पहिल्याच बाजूचं चित्र उलटं आणि खोलगट असतं. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं की हे घडतं. दोन नाणी व्हाइसमध्ये आवळूनही उलटी अक्षरं काढता येतात. पण तिथे त्या बाजूचं मूळ चित्र, चेपलेलं का होईना, शिल्लक असतं. दोन्हीकडे 'छापा' असलेलं नाणं तर बहुतेक वेळा जादूगाराचं: एक पोखरून दुसरं आत बसवलेलं. कडेच्या आतून बारीक सांधा दिसतो, फरशीवर टाकलं तर आवाज बद्द येतो.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. १९९२ ते २०१० मधला स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा असतो. त्यातला तांबूस झालेला रुपया काट्यावर तेवढाच भरला आणि चुंबकाला चिकटला, तर वर कोणीतरी मुलामा चढवलाय.

सालाखाली खूण नाही, म्हणून टांकसाळ विसरली असंही म्हणतात. मुंबईची खूण हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाची ठिपका. कोलकात्याची खूणच नसते. १९८५ च्या काही रुपयांवर 'एच' दिसतो, तो बर्मिंगहॅमहून पाडून आणलेल्या नाण्यांचा.

ठसा फिरलेली नाणी मात्र खरोखर सापडतात. आपलं आजचं नाणं डावीकडून उजवीकडे पलटलं, की मागची बाजू सरळच दिसायला हवी. ती आडवी किंवा उलटी आली तर डाय फिरलेला होता. असा फिरलेपणा नंतर ठोकून-वाकवून आणता येत नाही, हे बरं. पाच-दहा अंशांना मात्र कोणी विचारत नाही.

मराठेशाहीतल्या तांब्याच्या शिवराईला यातली कुठलीच कसोटी लावू नये. ती हातोड्याने पाडलेली. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे 'श्री राजा शिव' मधलं एखादं अक्षर बाहेर राहणं हीच तिची रीत. अर्धवट अक्षरांची शिवराई 'मिंट एरर' म्हणून चढ्या भावाने विकणाऱ्याकडून काही घेऊ नका. तिथे भाव असतो तो उलट मधोमध बसलेल्या ठशाला आणि पूर्ण अक्षरांना.