विश्लेषण : सिंह-चित्त्यांच्या मागावरचा कॅमेरा… तारतो की मारतो?

केनियातील मसाई मारा आणि टांझानियातील सेरेंगेटी ही नावे मराठी घरांत आता परकी राहिलेली नाहीत. जुलै उजाडला की विल्डबीस्टच्या स्थलांतराच्या चित्रफिती मोबाइलवर फिरू लागतात. वाहिनीवर सिंहाची शिकार कधीच पाहिलेली नाही, असा प्रेक्षकही विरळाच. पण पडद्यावर चार मिनिटांत संपणाऱ्या त्या पाठलागासाठी किती काळ खर्ची पडतो, हाताच्या अंतरावर गाडी उभी असूनही सिंहीण निवांत कशी पहुडलेली असते आणि दिवसभर कोणी ना कोणी आपल्याकडे पाहत राहण्याचा या प्राण्यांवर काय परिणाम होतो? यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देणारे आकडे उपलब्ध आहेत आणि चित्त्याच्या बाबतीत तरी ते सुखावणारे नाहीत.

या पाठलागाची सुरुवात कशी झाली?

आधी अभ्यासक आले, मग कॅमेरा. मध्य प्रदेशातील कान्हाच्या जंगलात वाघांचा अभ्यास करून जॉर्ज शेल्लर हे प्राणिशास्त्रज्ञ १९६६ मध्ये सेरेंगेटीत पोहोचले. पुढची तीन वर्षे त्यांनी सिंहांच्या मागे काढली. सिंह किती वेळ झोपतात, किती वेळा हल्ला करतात आणि त्यातले किती हल्ले फसतात, याची त्यांनी शांतपणे नोंद ठेवली. सिंहाचे बहुतेक हल्ले वाया जातात, हे या अभ्यासातून स्पष्ट झाले आणि जंगलाच्या राजाची दरबारी प्रतिमा बरीच खाली उतरली. शेल्लर यांनी सुरू केलेला तो अभ्यास नंतरच्या पिढ्यांनी अनेक दशके चालू ठेवला.

त्याच सुमारास ह्यूगो व्हान लाविक हे डच चित्रपटकार सेरेंगेटीतल्या एन्डुटू परिसरात तंबू ठोकून राहू लागले. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांचे ते पहिले पती. पुढे बोट्सवानात डेरेक आणि बेव्हर्ली जोबेर या दाम्पत्याने सावुटीतील सिंह आणि तरसांचे रात्रीचे वैर चित्रित केले. मसाई मारामधील एका दलदलीजवळ राहणारा सिंहांचा कळप ‘मार्श प्राइड’ या नावाने १९८२ मध्ये एका पुस्तकातून जगापुढे आला. १९९६ पासून बीबीसीच्या ‘बिग कॅट डायरी’ने याच कळपाला घराघरांत पोहोचवले. त्या मालिकेने एक गोष्ट कायमची बदलली. तोवर पडद्यावर ‘सिंह’ दिसत असे. आता नाव असलेली, मागची गोष्ट माहीत असलेली सिंहीण दिसू लागली.

एक सिंह दुसऱ्यापासून ओळखतात कसा?

आयाळीवरून नव्हे, ती वयानुसार बदलते. सिंहाच्या मिशांच्या मुळाशी काळे ठिपके असतात. सर्वांत वरच्या ओळीतील ठिपक्यांची मांडणी प्रत्येक सिंहात वेगळी असते आणि आयुष्यभर तशीच राहते. आपल्या बोटांच्या ठशांसारखेच हे. फाटलेला कान, तुटलेला सुळा, नाकावरची जखम या खुणा त्याच्या जोडीला. चित्ता अंगावरच्या ठिपक्यांवरून आणि शेपटीवरच्या कड्यांवरून ओळखतात. (चित्ता आणि बिबट्या यांची गल्लत अजूनही सर्रास होते. डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रूंसारखी काळी रेघ दिसली की तो चित्ता. बिबट्याच्या अंगावर भरीव ठिपके नसतात, पाकळ्यांसारखी वर्तुळे असतात.)

सेरेंगेटीत २०१० पासून झाडा-खांबांवर २२५ स्वयंचलित कॅमेरे लावण्यात आले. त्यातून मिळालेल्या लाखो छायाचित्रांतील प्राणी जगभरातल्या हौशी स्वयंसेवकांनी घरबसल्या ओळखले. या कॅमेऱ्यांसमोर प्राणी येतो आणि निघून जातो, त्याच्यामागे कोणी धावत नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

प्रत्यक्ष चित्रीकरण कसे होते?

त्यातला मोठा भाग वाट पाहण्याचाच. सिंह दिवसाचे वीसेक तास झोपून किंवा लोळून काढतो. पथक मात्र सूर्योदयापूर्वीच अंधारात निघते, कारण हालचाल आणि चांगला प्रकाश ही दोन्ही पहाटे आणि संध्याकाळीच मिळतात. दुपारी गवतातून उठणाऱ्या उष्णतेच्या लाटांमुळे लांब पल्ल्याच्या भिंगातून काहीच धड दिसत नाही. सारे चित्र पाण्यात पाहिल्यासारखे थरथरते. मग गाडीच्या सावलीत, माश्या हाकत बसून राहायचे.

गाडीही नेहमीची नसते. दरवाजे काढून तिथे कॅमेऱ्याची मांड बसवलेली असते, म्हणजे भिंग प्राण्याच्या नजरेच्या पातळीवर येते. उंचावरून घेतलेल्या चित्रात सिंह पाळीव वाटतो, खालून घेतलेल्या चित्रात तो अंगावर येतो. अलीकडे हेलिकॉप्टरसाठी तयार झालेली, धक्के शोषून घेणारी यंत्रणा गाडीवर बसवतात. त्यामुळे खाचखळग्यांतून गाडी पळत असतानाही चित्र हलत नाही. चित्त्याच्या पाठलागाची अलीकडची दृश्ये त्याच्या शेजारून पळत घेतल्यासारखी दिसतात ती यामुळे.

पण या सगळ्यांत सर्वांत मोलाचा माणूस चालक. बहुधा तो स्थानिक असतो. गॅझेलचा कळप एकदम एकाच दिशेला टक लावून उभा राहिला, गिधाडे झपाट्याने खाली उतरू लागली, माकडांनी आरडाओरडा सुरू केला, तर कुठे वळायचे हे त्याला कळते. शिकार सुरू होण्याआधीच ती कुठे संपेल याचा अंदाज बांधून तो सूर्याकडे पाठ येईल अशी गाडी लावतो. श्रेयनामावलीत त्याचे नाव पुष्कळदा अगदी शेवटी येते, हा भाग वेगळा.

रात्रीचे चित्रीकरण ही निराळीच विद्या. २००६ च्या ‘प्लॅनेट अर्थ’ मालिकेत सावुटीतील सिंहांचा तीसहून मोठा कळप रात्री हत्तीवर हल्ला करताना दिसला, तो अवरक्त प्रकाशाच्या मदतीने. हा प्रकाश प्राण्यांच्या डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. आता शरीराची उष्णता टिपणारे कॅमेरेही आले आहेत. त्यांच्यामुळे सिंह दिवसा जेवढे दिसतात त्याहून कितीतरी अधिक उद्योग रात्री करतात, हे प्रेक्षकांनाही पाहता आले.

आवाजाचे मात्र गुपित आहे. दोनशे मीटरवरून भिंगाने चेहरा जवळ आणता येतो, हाड मोडल्याचा आवाज आणता येत नाही. त्यामुळे चावण्याचे, गवतातून चालण्याचे बरेच आवाज नंतर स्टुडिओत तयार करून घातले जातात. आणि एकच पाठलाग म्हणून दिसणारे दृश्य कधी कधी दोन-तीन पाठलागांतून जोडलेले असते. काही जण याला फसवणूक म्हणतात. प्राण्याचे वर्तन खरे असेल तर एवढी जुळणी क्षम्य मानायला हरकत नाही. पण ती सांगून टाकावी.

गाडीला प्राणी घाबरत का नाहीत?

पिढ्यान्‌पिढ्या गाड्या पाहिल्यामुळे. गाडीतून इजा होत नाही आणि खायलाही काही मिळत नाही, हे बछडी आईबरोबर असतानाच शिकतात. गाडी आणि आतली माणसे ही त्यांच्या दृष्टीने एकच आकृती असते. कोणी उभे राहिले किंवा खाली उतरले की ती आकृती मोडते आणि मग मात्र समोर ‘माणूस’ दिसतो. मसाई मारातील किके नावाची मादी चित्ता तर बीबीसीच्या गाडीच्या टपावर चढून बसायची, कारण सपाट माळावर टेहळणीला त्याहून उंच जागा नव्हती.

धोका बहुधा भलतीकडून येतो. जोबेर दाम्पत्याने सिंह-बिबट्यांच्या सोबतीने तीन दशकांहून अधिक काळ काढला. ‘आय ऑफ द लेपर्ड’साठी लेगाडेमा या मादी बिबट्याचा माग त्यांनी ती अगदी पिल्लू असल्यापासून काही वर्षे काढला. तिने बबून माकडीण मारली आणि नंतर तिच्या पिल्लाला जवळ घेऊन बसली, हे चित्रण त्यातलेच. मात्र २०१७ मध्ये बेव्हर्ली जोबेर मरणाच्या दारातून परतल्या, त्या जंगली रेड्याच्या हल्ल्यातून.

प्रसिद्धीमुळे प्राणी वाचतात का?

काही प्रमाणात. पर्यटनाचा पैसा येतो, म्हणून माळ शिल्लक राहतो. माराच्या सीमेवरील मसाई जमीनमालक आपली जमीन वन्यजीवांसाठी मोकळी ठेवतात आणि त्याचे भाडे त्यांना पर्यटन कंपन्यांकडून मिळते. हे पैसे आले नसते तर तिथे कुंपणे आणि शेते उभी राहिली असती. आफ्रिकेत आज उरलेले सिंह २० ते २५ हजारांच्या घरात आहेत, हे पाहता ही व्यवस्था किरकोळ नाही.

पण प्रसिद्धी ढाल होत नाही. ‘बिग कॅट डायरी’ने जगभर पोहोचवलेली मार्श प्राइडमधील बिबी ही सिंहीण डिसेंबर २०१५ मध्ये विष खाऊन मेली. तेव्हा ती १७ वर्षांची होती. जंगलातील सिंहिणीसाठी हे वय मोठेच. कळपाने गायी मारल्या होत्या आणि त्या रागातून मेलेल्या गायीवर कीटकनाशक टाकण्यात आले होते. ते मांस खाल्लेले आणखीही सिंह दगावले. बिबीला जगभरचे प्रेक्षक नावाने ओळखत होते. ज्याची गाय गेली त्याच्यासाठी ती गोठ्यावर आलेली आणखी एक सिंहीण होती. बीबीसीच्या ‘डायनॅस्टीज’साठी हाच कळप चित्रित होत असताना विषाचा प्रकार पुन्हा घडला आणि २०२२ च्या माहितीपटाचा तर विषयच या कळपाचा उदय आणि ऱ्हास हा होता.

चित्त्यांनाच फटका अधिक का?

सिंह आणि बिबट्या मुख्यतः रात्री शिकार करतात. तोवर गाड्या मुक्कामाला परतलेल्या असतात. चित्ता दिवसा, उघड्या माळावर, नजरेच्या जोरावर शिकार करतो. म्हणजे पर्यटकांचा वेळ तोच त्याच्या पोटापाण्याचा वेळ. गॅझेलकडे दबकत निघालेल्या चित्त्यामागे गाड्या सरकू लागल्या की गॅझेल सावध होते. शिकार साधली तरी धापा टाकत काही मिनिटे बसावे लागते आणि तेवढ्यात तरस येऊन ती हिसकावू शकतो. तरसाशी भांडण्याइतके चित्त्याचे शरीर दणकट नाही. जखमी होणे म्हणजे धावता न येणे आणि धावता न येणे म्हणजे उपासमार.

फेम्के ब्रुखेस या संशोधिकेने २०१३ ते २०१७ या काळात मसाई मारा परिसरातील चित्ता माद्यांचा अभ्यास केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात एका वितीतील सरासरी २.३२ बछडी स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत पोहोचत होती. वर्दळ जास्त असलेल्या भागात हा आकडा ०.२१ होता. जवळपास अकरा पटींचा फरक. एकाच चित्त्याभोवती तीसहून अधिक गाड्या दिसणे तिथे अगदीच दुर्मीळ नव्हते.

मादी एकटीनेच बछडी वाढवते. ती भुकेली राहिली की दूध आटते, शिकारीला लांब जावे लागते आणि गवतात लपवलेली पिल्ले अधिक वेळ एकटी राहतात. सिंह आणि तरस त्यांना सोडत नाहीत. गाडीने पिल्लाला चिरडावे लागत नाही. आईच्या आणि गॅझेलच्या मध्ये ती उभी राहिली तरी पुरते. जगभरात चित्ते जेमतेम सात हजार उरल्याचा २०१६ मधील अंदाज आहे आणि कुनोमुळे आपल्यालाही या प्राण्याच्या एकेका बछड्याचा हिशेब ठाऊक झाला आहे.

मग नियम नाहीत का?

आहेत. मारामध्ये एका प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्या, किमान २५ मीटर अंतर, बाकीचे वाट पाहत असतील तर दहा मिनिटांत जागा सोडायची. चित्रीकरण पथकांना जादा शुल्क भरून रस्ता सोडण्याची परवानगी मिळते, तीही अटींसह. हंगामात म्हणजे जुलै ते डिसेंबरमध्ये राखीव क्षेत्रातील परदेशी पर्यटकांचे शुल्क आता दिवसाला २०० डॉलर आहे. गर्दी कमी व्हावी हाही त्यामागचा एक हेतू. मात्र एवढे मोजून आलेल्याला आपल्या पैशांचा सिंह जवळूनच हवा असतो.

खरी गोम चालकाच्या खिशात आहे. त्याची कमाई बरीचशी बक्षिसीवर असते. वायरलेसवर ‘सिम्बा’ (सिंह), ‘चुई’ (बिबट्या) किंवा ‘डुमा’ (चित्ता) असा स्वाहिली शब्द उमटला की आजूबाजूच्या गाड्या धूळ उडवत तिकडे वळतात. सहावा येऊन थांबणारा चालक नियम पाळतो, पण त्याच्या गाडीतले लोक नाराज होऊन उतरतात.

हे दूरचे वाटू नये. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली होती. चित्रफीत पसरल्यावर चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. दंड भरावा लागला तो चालकांना आणि मार्गदर्शकांना. ‘अजून थोडे पुढे घ्या’ म्हणणारे फोटो घेऊन घरी गेले.

माराला जाणार असाल तर राखीव क्षेत्राच्या बाहेरील, कमी तंबू असलेल्या खासगी संरक्षित पट्ट्यांत मुक्काम करता येतो. तिथे गाड्यांची संख्या बरीच कमी असते. आणि चित्ता दिसल्यावर ‘इथेच थांबा, पुढे नको’ हे पहिल्याच मिनिटाला चालकाला सांगता येते. बक्षिसी तेवढीच मिळेल, हेही त्याला तेव्हाच सांगावे.