दलाल कोणाचा?

घर विकायचे किंवा घ्यायचे ठरले, की प्रथम आठवण होते ती दलालाची. हल्ली त्याला कोणी एजंट म्हणतात, कोणी कन्सल्टंट म्हणतात. काम मात्र तेच. जागा दाखवायची, दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवायचे, घासाघीस करून सौदा जमवायचा आणि आपली दलाली घ्यायची. पण हा माणूस नेमका कोणाचा, हा प्रश्न आपण कधी विचारला आहे का?

माझे एक सहकारी निवृत्तीनंतर गावी जायचे म्हणून पुण्यातला फ्लॅट विकायला निघाले. दलालाला म्हणाले, “साठ लाख सांगा हो, पण अगदीच अडलं तर सत्तावन्नला देऊन टाकू.” आठवड्याभरात गिऱ्हाईक आले, बोलणी झाली आणि सौदा बरोबर सत्तावन्न लाखांवर येऊन थांबला. सहकारी म्हणाले, “योगायोग!” मला काही तो योगायोग वाटला नाही.

हिशेबच करून पाहा. दलाली शेकडा एक धरू. साठ लाखांवर त्याला 60 हजार मिळतात, सत्तावन्न लाखांवर 57 हजार. म्हणजे तुमचे तीन लाख गेले, त्याचे गेले तीनच हजार! त्या तीन हजारांसाठी त्याने आणखी दोन महिने चपला का झिजवाव्यात? शिवाय सौदा फिसकटला तर त्याच्या हाती बहुधा काहीच लागत नाही. म्हणून चांगल्या भावापेक्षा लवकर होणारा सौदा त्याला अधिक प्रिय. त्यातून आपल्याकडे पुष्कळदा एकच दलाल दोन्ही पक्षांकडून दलाली घेतो. तेव्हा पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावे, “तुम्ही समोरच्याकडूनही घेणार का? किती?” आणि ठरेल ते कागदावर लिहून घ्यावे.

आता घेणाऱ्यांसाठी थोडे. “दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आजच टोकन द्या,” असे वाक्य कानावर पडेलच. टोकन म्हणजे आपला जुना विसार. तो चेकने आणि मालकाच्याच नावे द्यावा. पावतीवर ठरलेली किंमत आणि सौदा मोडल्यास पैसे केव्हा परत मिळणार, हे लिहिलेले असावे. त्याआधी मालकाचे नोंदलेले खरेदीखत, सोसायटीचे भागपत्र आणि जागेवर बँकेचे कर्ज आहे की नाही, हे स्वतः पाहावे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने मालकी मिळत नाही, हे विसरू नये.

नव्या इमारतीत घर घेत असाल तर 2016 चा रेरा कायदा तुमच्या बाजूने आहे. नोंदणी झालेल्या प्रकल्पातील घरे विकणाऱ्या दलालानेही आपली नोंदणी केलेली असावी लागते. महाराष्ट्रात हे काम महारेराकडे आहे. दलालाला त्याचा नोंदणी क्रमांक बेलाशक विचारा. तसेच, करारनामा नोंदवण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

दलाल नकोच, असे माझे म्हणणे नाही. कोणती जागा रिकामी आहे, कोणत्या गल्लीत काय भाव चालला आहे, हे त्याला जितके ठाऊक असते तितके आपल्याला नसते. त्या माहितीचा मोबदला त्याला जरूर द्यावा. आपला शेवटचा आकडा मात्र घरच्या माणसांखेरीज कोणाला सांगू नये. माझ्या सहकाऱ्यांना एवढी गोष्ट शिकायला तीन लाख रुपये पडले.